नावाड्याचा निवाडा

सालमिनेन मास्तरांना आयुष्यात दोन गोष्टी उत्तम जमल्या. एक नकाशे काढणं आणि दुसरी गप्प बसणं. पहिलीसाठी थंडर बे शहरातल्या शाळेत शिकून गेलेली पोरं त्यांना अजून आठवतात. दुसरीचं कौतुक कुणी केलं नाही, कारण ती कुणाला दिसलीच नाही. निदान मास्तरांची तशी समजूत होती.

उंच, खांद्यात वाकलेले, फिनिश आईबापांचे एकुलते एक. भूगोल शिकवायचे. वर्गात कधी आवाज चढवला नाही, शिक्षकांच्या खोलीत कधी कुणाच्या भानगडीत पडले नाहीत. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती तेव्हा शाळेत बँड शिकवणारा एक तरुण मास्तर कुणा पुरुषाचा हात धरून सिनेमातून बाहेर पडताना दिसला. तेवढ्यावरून पालक उठले, आणि सहामाही संपायच्या आत तो माणूस गाव सोडून गेला. त्याच्या खुर्चीवर दुसऱ्याच दिवशी लोक कोट टाकायला लागले. सालमिनेन मास्तरांनी ते पाहिलं आणि तोंडाला कुलूप लावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हाच त्यांचा धर्म झाला.

मुठीत होता डंकन गिलिस. शहराची बस चालवायचा. पार पूर्वेकडच्या केप ब्रेटनहून, कोळशाच्या खाणींच्या गावातून आलेला. बुटका, बडबड्या, गाणारा, आणि भांडी आपटल्याशिवाय ज्याचा स्वयंपाक होत नाही अशातला. दोघांनी मिळून एक जोडघर घेतलं होतं. मध्ये एक भिंत, बाहेर दोन दारं, दोन पत्रपेट्या. लोकांच्या लेखी दोन एकटे शेजारी. आत तळघरात मात्र भिंत फोडून दार केलेलं, आणि जाणंयेणं सगळं त्यातून. डंकनच्या बाजूचं पुढचं दार कधी उघडलंच जायचं नाही. बर्फ पडलं की डंकन दोन्ही दारांसमोरचं बर्फ काढायचा आणि आपल्या पायरीवर मुद्दाम बुटांचे ठसे उमटवायचा. "शेजारी राहतो हो इथं," असं स्वतःशी म्हणायचा. सुरुवातीची काही वर्षं हसत म्हणायचा.

पुढे देशात पुरुषाला पुरुषाशी लग्न करायची मुभा झाली. डंकनने लगेच विचारलं. मास्तर म्हणाले, "निवृत्त तर होऊ दे." निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, "आई आहे तोवर नको." मग आईही गेली. तिचं माशांचं सूप तिच्याकडून शिकून घेतलं होतं ते डंकनने, पोटच्या पोराने नाही. तिच्या माघारी डंकनने लग्नाचं विचारणं सोडून दिलं. मास्तरांना वाटलं, चला, विषय मिटला.

या घरात आणखी एक जण राहत होता, तो पुस्तकातला. इडा क्रॅन्स्टन नावाच्या बाईंनी ओर्मा नदीवरची सात जाडजूड पुस्तकं लिहिली होती. राजे, लढाया, उत्तरेची खिंड, सगळं त्यात होतं. पण वाचणाऱ्यांचा जीव जडला तो ब्रेनॉक नावाच्या म्हाताऱ्या नावाड्यावर. तो लोकांना पैलतीरी सोडायचा आणि नावेत बसणाऱ्याला नाव, गाव, कूळ काही विचारायचा नाही. दर हिवाळ्यात नदी गोठली की ऑस्लेन नावाचा एक मीठविक्या त्याच्या झोपडीत मुक्कामाला यायचा आणि बर्फ वितळलं की पुढच्या गावाला निघून जायचा. सात पुस्तकांत मिळून या मीठविक्याच्या वाट्याला आलेली पानं मूठभरसुद्धा नव्हती.

तिसऱ्या पुस्तकात एक साधी ओळ होती. वादळाच्या रात्री ब्रेनॉक जागा होता. मग त्याने पाहिलं की ऑस्लेनचे बूट चुलीपाशी नेहमीच्या जागी आहेत, आणि त्याला झोप लागली. ही ओळ वाचून मास्तर खुर्चीतून उठले, पानात बोट घालून तळघरातून डंकनच्या स्वयंपाकघरात गेले आणि पुस्तक त्याच्यापुढे धरलं. डंकन कांदा चिरत होता. त्याने वाचलं, सुरी खाली ठेवली.

"हिला कसं कळलं?" तो म्हणाला.

दोघंही बराच वेळ त्या ओळीवर बोलत बसले. जगात कुणीतरी आपल्याला ओळखलं आणि तरी गावभर केलं नाही, असलं सुख मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं. तेव्हापासून ते त्या पुस्तकांचे झाले.

अशी झपाटलेली माणसं सगळीकडे होती. ती स्वतःला 'उतारू' म्हणवत आणि दर ऑगस्टमध्ये लेक सुपीरियर सरोवराच्या काठी एका कॅम्पात जमत. घोंगड्यांचे झगे, लाकडी तलवारी, पुस्तकातली गाणी, सगळा थाट. मास्तर ब्रेनॉक व्हायचे. नव्याने आलेल्या प्रत्येकाला ते नावेत बसवून खाडीच्या पलीकडे नेत, नाव विचारत नसत, आणि पलीकडे पाय लागला की तो माणूस उतारू झाला. मोठमोठे वकील आणि नर्सा त्या नावेत रडताना लोकांनी पाहिलेत. डंकन गाडी चालवत यायचा आणि भल्या मोठ्या पातेल्यात सॅमन, बटाटे, साय आणि शेपू घालून सगळ्यांना पुरेल असं सूप करायचा. त्याची ओळख 'मास्तरांचा शेजारी'. सूप फार छान करतो, एवढीच त्याची ख्याती.

मेळाव्याचा मुख्य सोहळा म्हणजे निवाडा. शनिवारी जेवणं झाली की, उजेड असतानाच, मास्तर एका पालथ्या नावेवर बसायचे. वर्षभर उतारूंमध्ये जे जे वाद झाले ते त्यांच्यापुढे मांडले जायचे. ब्रेनॉक डावखुरा की उजवा, खिंडीला किती दिवस लागतात, राणीचा घोडा मेला की पळाला. दोन्ही बाजूंनी पानं वाचून दाखवायची, मग मास्तरांनी निकाल द्यायचा, लोकांनी वल्ह्यांनी जमीन बडवायची, आणि तो वाद कायमचा संपला. नियम मास्तरांनीच घालून दिला होता: पानावर नाही ते नाही. खुद्द क्रॅन्स्टनबाई एकदा कुठल्याशा मुलाखतीत म्हणाल्या की ओर्मा पश्चिमेला वाहते. मास्तरांनी पानं काढून सिद्ध केलं की ती पूर्वेलाच वाहते, आणि निकाल बाईंच्या विरोधात दिला. बाईंनी हसून निरोप धाडला, मास्तरांचं बरोबर आहे. त्यानंतर मास्तरांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य झालं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडायचं. ज्याने घरात कधी ठाम काही म्हटलं नाही त्याला पालथ्या नावेवर बसून ठाम बोलायला मिळत होतं.

मग एका वसंतात, ऐंशी ओलांडलेल्या बाई रेडिओवर आल्या. मुलाखत घेणाऱ्याने सहज विचारलं, ब्रेनॉकने लग्न का नाही केलं?

"त्याला ऑस्लेन होता की," बाई म्हणाल्या. "जन्मभर होता. मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल."

कळलं कसलं! पेटलं. उतारूंच्या इंटरनेटवरच्या गप्पांच्या पानावर दुसऱ्या दिवसापर्यंत पाय ठेवायला जागा राहिली नाही. मेळाव्याची सगळी व्यवस्था बघणारी व्हर्ना स्टोकालुक ही दातांच्या दवाखान्यात कामाला होती, आणि गेली कित्येक वर्षं ब्रेनॉकचं एका वैदूबाईशी लग्न लावणाऱ्या गोष्टी लिहून उतारूंना वाचायला द्यायची. तिने लिहिलं, "म्हातारीने माझा जावई पळवला." लोक हसले, पण व्हर्ना त्या दिवशी खरंच रडली होती. हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या गॉर्ड वीबने लिहिलं, "मांडीवर घेऊन वाचून दाखवलीत मी पोरांना ही पुस्तकं. आता त्यांना काय सांगू?" एकाने सातही पुस्तकं जाळल्याचा फोटो टाकला. त्यात आठवं पुस्तक मोटारीच्या दुरुस्तीचं होतं, घाईत तेही गेलं.

सगळ्यांत जास्त भरणा होता तो समजूतदारांचा. "माझी काही हरकत नाही, पण सांगायची गरज काय होती?" या एका वाक्यावर जगातले अर्धे भले लोक जगतात. कुणी म्हणालं, खप थांबलाय म्हणून बाईंना आता सुचलं. कुणी म्हणालं, नुसता मित्र असू शकत नाही का माणसाला, आजकाल सगळ्यांत तेच दिसतं. तरुण पोरांची वेगळीच तक्रार होती: एवढं होतं तर बाईंनी तेव्हाच का नाही लिहिलं, घाबरट कुठल्या. जी ती बाजू ब्रेनॉकला आपल्याकडे ओढत होती.

मास्तर रोज सकाळी कॉफी घेऊन हे सगळं वाचायचे, शब्दन् शब्द, आणि लिहायचे काही नाहीत. सगळ्यांचा शेवट एकाच ठिकाणी यायचा: ऑगस्टमध्ये मास्तर काय ते ठरवतील.

"ठरवतील म्हणे," डंकन म्हणाला. तो खिडकीशी उभा राहून भांडी पुसत होता. "तू काय ठरवणार आहेस?"

"दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय कसं सांगू?"

"माझ्यापुढे पण न्यायाधीश होतोस काय रे?"

डंकनने फडकं खांद्यावर टाकलं आणि समोर येऊन बसला. त्याला असं बसलेलं मास्तरांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"हे बघ आर्वो. लग्न मागितलं, नाही म्हणालास. ठीक. तुझ्या आईच्या अंत्यविधीला मला मागच्या बाकावर बसवलंस, बसलो. आता मी थकलो. एकच गोष्ट मागतो. तुझ्याबद्दल काही बोलू नकोस. माझ्याबद्दल बोलू नकोस. त्या नावाड्याबद्दल बोल. तिथं सगळ्यांसमोर, मी ऐकत असताना म्हण, की हो, त्या दोघांचं होतं, आणि मी पहिल्या दिवशी ओळखलं होतं. मला तेवढं पुरे आहे. उरलेलं आयुष्य मी तेवढ्यावर काढीन."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मी कशासाठी राहतोय ते मला कळायचं बंद होईल."

"म्हणेन," मास्तर म्हणाले. त्यांना ते खरंच म्हणायचं होतं. ती ओळ त्यांना पाठ होती, पानाचा आकडाही पाठ होता. जन्मात एकदा त्यांच्या हातात सत्य आणि पुरावा दोन्ही होतं.

ऑगस्टमध्ये कॅम्प नुसता भरून वाहत होता. एरवी न येणारे आले होते. काहींनी इंद्रधनुष्याचे बिल्ले लावले होते, काहींनी ते बघून तोंडं फिरवली होती, आणि सूप मात्र दोन्ही बाजूंनी मागून मागून घेतलं. शनिवारी जेवणं झाली. मास्तर घोंगडीचा झगा घालून पालथ्या नावेवर बसले. डंकन पातेल्याशी, सगळ्यांच्या मागे, हातात पळी घेऊन उभा होता. त्याने त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता, कॅम्पात, चुलीपाशी. मास्तरांना तो सदरा लांबूनही दिसला.

होकाराची बाजू मांडायला टॅमसिन नावाची मुलगी उभी राहिली. पहिल्यांदाच आलेली, कॉलेजात शिकणारी, केस बारीक कापलेले. हातातलं पुस्तक इतकं वाचलेलं की पानं सुटून यायला लागली होती. तिने बुटांची ओळ वाचली. मास्तरांच्या मनातली तीच.

"नेहमीच्या जागी," ती म्हणाली. "बूट नेहमीच्या जागी आहेत. म्हणजे त्या घरात त्या बुटांना जागा आहे. पाहुण्याच्या बुटांना नसते."

मास्तरांनी मान हलवली. आता तोंड उघडायचं तेवढं राहिलं होतं.

नकाराच्या बाजूने गॉर्ड वीब उठला. गॉर्ड काही दुष्ट माणूस नव्हता. आधीच्या वर्षी डंकनची गाडी बंद पडली तेव्हा दोन तास खटपट करून त्यानेच ती चालू करून दिली होती.

"बुटांचं काय घेऊन बसलात," तो म्हणाला. "भिजलेले बूट माणूस चुलीपाशीच ठेवणार, डोक्यावर ठेवणार काय? आता हे आपले मास्तर बघा आणि हा डंकन बघा. रोज संध्याकाळी याचं ताट मास्तरांकडे. बूटही तिथेच पडलेले असतील. म्हणून काय आम्ही आता यांची पण वरात काढायची?"

जो हशा पिकला तो खाडीच्या पलीकडे ऐकू गेला असेल. बिल्लेवाले हसले, तोंडं फिरवणारे हसले, व्हर्ना तर डोळे पुसायला लागली. सगळी तोंडं एकदम डंकनकडे वळली. डंकन हसत नव्हता. तो मास्तरांकडे बघत होता.

मास्तरांना त्या क्षणी ती खुर्ची दिसली, कोट टाकलेली. ते निवृत्त होते, आई मातीत होती, कायदा त्यांच्या बाजूने होता, समोर बसलेल्यांपैकी कुणाच्याही हातात त्यांचं काडीइतकं वाकडं करायची ताकद नव्हती. पण भीती असला हिशेब करत नाही. ज्या वयात ती घरात शिरते त्या वयाचीच ती राहते.

त्यांनी घसा खाकरला. "पानावर बूट आहेत," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा, संथ, वर्गातला. "पानावर मुक्काम आहे. स्नेह आहे. त्याहून जास्त पानावर नाही. बाईंनी रेडिओवर काय सांगितलं तो बाईंचा प्रश्न. पानावर नाही ते नाही."

वल्ह्यांनी जमीन दणाणली. गॉर्डने मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. काही बिल्लेवाल्यांनीही वल्ही बडवली, कारण नियम म्हणजे नियम आणि मास्तर म्हणजे मास्तर. टॅमसिनने सुटलेली पानं गोळा केली आणि ती तंबूकडे निघून गेली. डंकनने पातेल्यात राहिलेलं सूप, ज्याला हवं होतं त्याला, सारखं वाटून टाकलं.

परतीच्या वाटेवर डंकन गाडी चालवत होता आणि गात नव्हता. मास्तरच बोलत राहिले. नियमाने हात बांधले होते, उद्या बाईंचं ऐकलं तर नदीसुद्धा पश्चिमेला वाहू द्यावी लागेल, एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा असं कसं चालेल. सगळं अगदी बिनचूक. डंकनने निपिगॉनच्या पुलावर एकदाच तोंड उघडलं.

"तुला एका कागदाच्या म्हाताऱ्याचीसुद्धा लाज वाटली," तो म्हणाला.

घरी आल्यावर तो मास्तरांच्या मागे आला नाही. स्वतःच्या पुढच्या दाराशी गेला. दार फुगून बसलं होतं, खांदा देऊन उघडावं लागलं. पानं गळायच्या आत त्याने आपला संसार एका छोट्या ट्रकमध्ये भरला, तोही त्याच दारातून काढून, आणि बहिणीकडे केप ब्रेटनला निघून गेला. भांडण नाही, रडारड नाही. मास्तरांनी विचारलं, किती दिवस? डंकन म्हणाला, "पातेलं ठेवून जातोय. माझ्या बहिणीचं घर लहान आहे."

शेजारपाजाऱ्यांनी चौकशी केली तेव्हा मास्तरांनी सांगितलं, बहिणीची तब्येत बरी नसते म्हणून गेला. लोक म्हणाले, चांगला माणूस होता. हिवाळाभर दुसऱ्या दाराची पायरी बर्फाखाली गेलेली राहिली. मास्तर नुसता राय धान्याचा काळा पाव आणि लोणी खाऊन दिवस काढायचे, आणि कधीमधी तळघराच्या दाराशी जाऊन उभे राहायचे. फोन त्यांनी केला नाही. काय बोलायचं ते सुचत नव्हतं, आणि न सुचलेलं बोलायची त्यांना सवय नव्हती.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर क्रॅन्स्टनबाईंचं एक चिमुकलं पुस्तक आलं. एकच गोष्ट, एकच हिवाळा, एकच झोपडी. त्यात ब्रेनॉक आणि ऑस्लेन एका पांघरुणात झोपत होते, पांघरुणावरून भांडत होते, आणि कुणाच्या बापाला शंका राहणार नाही इतकं सगळं पानावर होतं. मास्तरांनी ते एका बैठकीत वाचलं. मग पानात बोट घालून उठले, तळघरापर्यंत गेले, आणि परत येऊन बसले.

त्या ऑगस्टमध्ये निवाड्याला वाद उरलाच नव्हता. मास्तरांनी फक्त विचारलं, "पानावर आलं?" आणि शंभरेक लोक एका सुरात म्हणाले, "आलं." वल्ही दणाणली. काय तो आनंद! व्हर्नाने वैदूबाईला नवीन गोष्टीत समुद्रापार पाठवून दिलं होतं आणि आता ती मीठविक्याच्या आगमनाची गाणी लिहीत होती. गॉर्ड लाकडाचे छोटे बूट कोरून विकत होता, जोडीला पाच डॉलर, आणि लोकांना सांगत होता, "मला पहिल्यापासून वाटायचंच, पण म्हटलं, मास्तरांना ठरवू दे." सगळे मास्तरांना येऊन हात देऊन गेले. घाई केली नाहीत, पान यायची वाट बघितलीत, याला म्हणतात न्याय. वर्षभरात कुणाचंही काही गेलं नव्हतं. टॅमसिन आली नव्हती, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

जेवायला डब्यातलं सूप होतं, दुकानातून आणलेलं. व्हर्ना आपलं भांडं घेऊन मास्तरांच्या शेजारी येऊन टेकली.

"याला काही चव नाही बाई. तुझा शेजारी असता तर." तिने चमचा ढवळला. "कसा आहे तो? बहीण बरी आहे का?"

मास्तरांनी आपलं भांडं खाली ठेवलं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"व्हर्ना, बहिणीला काही झालेलं नाही. डंकन मला सोडून गेला. तो शेजारी नव्हता. माझा माणूस होता. तरुणपणापासून."

आयुष्यभर ज्या क्षणाला ते भ्याले तो हा होता. त्यांनी वाट पाहिली. व्हर्नाने त्यांच्या हातावर हात ठेवला, हळूच, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून देताना ठेवतात तसा.

"अरे, ते सगळ्यांना माहीत होतं, आर्वो," ती म्हणाली.

"सगळ्यांना?"

"एवढी वर्षं बघतोय आम्ही. तू थंडीने कुडकुडलास की तो स्वयंपाक सोडून तुझा कोट घेऊन यायचा. गॉर्डला माहीत, त्याच्या बायकोला माहीत. तुझ्या शाळेतल्या पोरांना माहीत होतं म्हणे. आम्हाला वाटायचं, तुलाच बोललेलं आवडत नाही, तर आपण कशाला बोला."

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि इथे तर दुपार उलटून गेली होती. झाकणारा तेवढा टोपलीवर बसून होता.

"मग त्या दिवशी हसलीस का?" मास्तरांनी विचारलं.

व्हर्ना जरा गोंधळली. "सगळे हसले म्हणून," ती म्हणाली. "आणि आम्हाला वाटलं, आता तू सांगशील. गॉर्डने मुद्दाम तसं काढलं होतं रे. तो म्हणाला होता, मास्तरांना एक धक्का देऊन बघू, म्हातारा मोकळा होईल. तू निकाल दिलास तेव्हा आम्हीही विषय सोडला. म्हटलं, राहिलं. नसेल त्याला ते हवं."

मास्तर उठून पाण्याच्या कडेला गेले. ब्रेनॉकचा झगा अंगावर तसाच होता. त्यांनी फोन काढला आणि वर्षात पहिल्यांदा केप ब्रेटनचा नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर डंकनने घेतला. मागे भांडी वाजत होती.

"मी सांगितलं," मास्तर म्हणाले. "आज. व्हर्नाला. तुझं माझं."

"असं होय. काय म्हणाली ती?"

"तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं."

"हं," डंकन म्हणाला.

"तुला ठाऊक होतं? त्यांना माहीत आहे ते?"

"बस चालवायचो मी, आर्वो. आरशात सगळं दिसतं. लोक तर मला तुझ्या तब्येतीची चौकशी करायचे, बायकोची करतात तशी."

"मग मला कधी बोलला का नाहीस?"

तिकडे भांडी वाजायची थांबली. "तुला कळलं असतं तर," डंकन म्हणाला, "तुझ्याकडे सबब उरली नसती. आणि तरीही तू नाहीच म्हणाला असतास, तर मग मी कुठे जाणार होतो? म्हणून मी तुझं गुपित तुझ्यापासून जपलं. तुझ्यापेक्षा जास्त निगुतीने जपलं."

कुणा नव्या पोरांना नावेत बसायचं होतं, ती काठावरून हाका मारत होती, ब्रेनॉक, ए ब्रेनॉक.

"डंकन, परत ये."

"ओव्हनमध्ये पाव आहे," डंकन म्हणाला. "करपेल." आणि त्याने फोन ठेवला.